इमॅजिकाला घरची नऊ माणसं निघालीत, आधी काय बुक करू?

पत्राचा सारांश : सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या नऊ जणांनी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरवलंय. सांगलीतून त्या, यजमान, १२ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. पुण्यातून दीर, जाऊबाई, त्यांचा आठवीतला मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी. जाऊबाईंनी मोबाइलवर तक्ता पाठवलाय : पार्कजवळ दोन रात्री, थीम पार्क, वॉटर पार्क, स्नो पार्क, सगळ्यांना रांग टाळणारं एक्स्प्रेस तिकीट, शिवाय जेवणाची कूपनं. यजमान म्हणतात, ‘एवढं काय त्यात, गेल्यावर बघू. आणि रात्रीच गाडी काढून परत येऊ, मुक्काम वाचेल.’ सासूबाई म्हणतात, ‘माझं तिकीट काढू नका, मी घरीच थांबते.’ बुकिंगचं काम मात्र ताईंच्या गळ्यात पडलंय. त्या लिहितात, ‘दोन वर्षांमागं कोकणात खोली न ठरवता गेलो. रात्री दहापर्यंत पोरं गाडीत पेंगत होती आणि बोलणी मी खाल्ली. या वेळी सगळं आधी काढलं आणि त्यातलं काही फसलं, तरी बोलणी मलाच. नक्की काय आधी काढू आणि काय सोडून देऊ?’

ताई,

काय काढायचं ते पुढं सविस्तर सांगते. पण तुमच्या पत्रातले दोन शब्द मला जास्त लागले, ‘बोलणी मलाच.’ सहल नऊ जणांची, पैसे दोन घरांचे, आणि फसलं तर दोषी एकटी मोबाइल हातात असलेली बाई, हे गणित मुळात चुकलंय. ते तसंच ठेवून तुम्ही कितीही नीट बुकिंग केलंत तरी जिवाला घोर राहणारच. म्हणून पहिलं काम वेगळं आहे. येत्या रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल लावा. सासूबाईंना शेजारी बसवा, यजमानांनाही बसवा, मुलांनाही ऐकू दे. जे काढायचं ते तिथं मोठ्यानं बोलून ठरवा. किती पैसे परत न मिळण्यासारखे आहेत तेही त्याच वेळी सांगा. ठरलेलं चार ओळींत घरच्या ग्रुपवर टाका आणि प्रत्येकाकडून ‘चालेल’ लिहून घ्या. बुकिंग तुम्ही करा, पैसे दीर किंवा यजमान भरू देत. मग काही बिनसलं तर ते सगळ्यांचं बिनसेल.

आता मूळ प्रश्नाकडं. जाऊबाईंचा तक्ता आणि यजमानांचं ‘गेल्यावर बघू’ ही दोन टोकं आहेत, आणि तुम्ही त्यातलं एक निवडायला बसलात. मला वाटतं, दोघंही आपापल्या भीतीपोटी बोलतायत. जाऊबाईंना धास्ती आहे की एवढा खर्च करून जायचं आणि रांगेतच दिवस जायचा. यजमानांना धास्ती आहे की पैसे आधी अडकायचे आणि ऐन वेळी कोणी आजारी पडलं तर ते बुडायचे. दोन्ही भीती खऱ्या आहेत, त्यामुळं एकाला हौशी आणि दुसऱ्याला बेफिकीर ठरवू नका. प्रत्येक गोष्टीला दोनच प्रश्न विचारा. ही गोष्ट तिथं गेल्यावर मिळेल का? आणि नाही मिळाली तर कोणाच्या अंगावर येईल? कोकणात खोली मिळाली नाही, ते पोरांच्या झोपेवर आलं. उलट स्नो पार्कचं तिकीट नाही मिळालं तर एखादं पोरगं घटकाभर हिरमुसेल आणि वडा-पाव खाऊन विसरेल. पहिल्या जातीच्या गोष्टी आधी काढायच्या, पैसे थोडे जास्त गेले तरी. दुसऱ्या जातीच्या मोकळ्या सोडायच्या.

या चाळणीतून पहिला वर येतो तो मुक्काम. इथं मी यजमानांशी स्पष्ट असहमत आहे. इमॅजिका खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. तिथून सांगली ३०० किलोमीटरच्या पुढं. दिवसभर उन्हात पायपीट केलेला माणूस संध्याकाळी स्टिअरिंगवर बसणार, खंडाळ्याचा घाट चढणार, दिवाळीच्या गर्दीत पुण्याच्या बाहेरून निघणार, मग खंबाटकी, सातारा, कराड करत मध्यरात्रीनंतर पेठ नाक्याला वळणार. मागं सगळी झोपलेली, बोलायलाही कोणी जागं नाही. डोळा लागायला एक क्षण पुरतो. एका मुक्कामाच्या भाड्यासाठी पाच जीव पणाला लावू नका. हे त्यांना तुम्ही एकट्यानं सांगू नका, दिरांना सांगायला लावा. भावाचं ऐकतील.

पण ‘एक मुक्काम वाचेल’ हा त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही, आणि त्याला तुमच्या घरातच उत्तर आहे. दिरांचं घर पुण्यात आहे. आदल्या दिवशी दुपारी सांगलीहून निघा, रात्री पुण्यात झोपा. सकाळी लवकर निघालात तर पार्क उघडायच्या वेळेला पोचाल. ती रात्र पार्कजवळ काढा. दुसऱ्या दिवशी दुपारी उशिरा निघून पुण्यात परत मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जेवूनखाऊन सांगली. हॉटेलची एकच रात्र, आणि रात्रीचा लांबचा प्रवास नाही. फक्त जाऊबाईंना हे आधी विचारा, गृहीत धरू नका. पाच माणसं दोनदा घरी उतरणार म्हणजे गाद्या, पाणी, बाथरूमची रांग, आणि परतीच्या रात्री दमून आलेल्या बाईनं पुन्हा ओट्याशी उभं राहणं. त्या रात्रीचं जेवण बाहेरून मागवायचं, हे तुम्हीच पहिल्यांदा बोलून टाका. साताऱ्याच्या वाचकांना पुण्याच्या मुक्कामाची गरज नाही. पहाटे निघालं की भागतं, पण परतीची रात्र त्यांनीही टाळावीच.

हॉटेल कुठं घ्यायचं? तीन पर्याय आहेत. पार्कला लागूनच मोठं हॉटेल आहे, ते महाग पडतं. खोपोलीत स्वस्तात सोय होते, पण प्रत्येक वेळी गाडी काढावी लागते. लोणावळ्यात खोल्या भरपूर, पण सकाळ-संध्याकाळ घाट उतरायचा-चढायचा आणि सुट्टीत घाट तुंबला की तास-दोन तास गेलेच. तुमच्या घरात दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाई आहेत आणि दुपारी तीनला किरकिर सुरू करणारं सहा वर्षांचं पोर आहे. तुमच्यासाठी मी लागूनच्या हॉटेलची एक रात्र घेईन आणि तेवढे पैसे स्नो पार्क नि जेवणाच्या कूपनांतून वाचवीन. दुपारी दोघांना दोन तास पाठ टेकता आली तर संध्याकाळ सगळ्यांची चांगली जाते. मोठी मुलं आणि धडधाकट माणसंच असलेल्या घरानं मात्र खोपोलीत राहावं, उगाच पैसे घालवू नयेत.

खोली काढण्याआधी फोन करून विचारायचं ते असं : लिफ्ट आहे का, नसेल तर तळमजल्याची खोली मिळेल का. संडास कमोडचा आहे का. तिघांच्या खोलीत जादा गादी देतात की खरा पलंग. खोली किती वाजता मिळते आणि किती वाजता सोडायची, आणि सोडल्यावर बॅगा सांभाळतात का. नाश्ता धरून भाडं आहे का. तारीख बदलली तर पैसे वळते होतात का. फोनवर ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणाले की तेच व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर लिहून मागा. आणि सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं एका पाकिटात घाला. सासूबाईंचं आधार कार्ड देवघराच्या कपाटात राहिलं, हे काउंटरवर उभं असताना आठवायला नको.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. हॉटेलचा नंबर गुगलवर शोधून पहिला दिसला त्याला फोन लावू नका. नामांकित हॉटेलांच्या आणि पार्कांच्या नावानं खोटी पानं, खोटे नंबर फिरत असतात. ‘आजच अर्धे पैसे भरा, सुट्टीची ऑफर संपतेय’ असं म्हणत क्यूआर कोड पाठवतात. फेसबुकवरची अर्ध्या किमतीतली तिकिटं तर नकोच. पार्कचं तिकीट पार्कच्या अधिकृत वेबसाइटवरूनच काढा, खोलीसाठी हॉटेलच्या वेबसाइटवर दिलेल्या नंबरवरच बोला. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

आता पार्कची तिकिटं. इमॅजिकाचं थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं आणि नंतर स्नो पार्क. तिन्हींचं तिकीट वेगवेगळं. दर तारखेप्रमाणे बदलतात आणि शनिवार-रविवारी, सणासुदीला चढे असतात. म्हणून तिकिटाआधी तारीख ठरवा. भाऊबीज झाली की लगेचचा शनिवार-रविवार अख्खा महाराष्ट्र तिकडं वळतो, तो टाळा. मंगळवार-बुधवार मिळाला तर उत्तम. इथं पुण्याच्या मुलांची शाळा विचारून घ्या. तुमची मुलं मराठी माध्यमाची आणि त्यांची सीबीएसईची असतील तर दिवाळीच्या सुट्ट्या जुळत नाहीत. आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघा. भाऊबीजेनंतर नऊ-दहा दिवसांनी कार्तिकी एकादशी येते. सासूबाईंचा उपास असेल तर त्यांना त्या दिवशी पार्कात फिरवून केळ्यावर ठेवू नका.

तिकीट काढायच्या आदल्या रात्री सगळ्या मुलांना अनवाणी दाराच्या चौकटीला उभं करा, डोक्यावर वही आडवी धरा, पेन्सिलीनं खूण करा आणि टेपनं सेंटीमीटरमध्ये मोजा. अशा पार्कांत लहान मुलांचं तिकीट वयापेक्षा उंचीवर ठरतं आणि प्रत्येक राइडला उंचीची अट असते. उंचीनं मोठ्यांत बसणाऱ्या मुलाचं लहान मुलाचं तिकीट काढलंत तर गेटवर फरक भरावा लागेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सहा वर्षांच्या बाळराजांना नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरवर कोणी बसू देणार नाही. नायट्रोत पायाखाली फळीसुद्धा नसते, पाय हवेत लोंबकळतात. तासभर रांगेत उभं राहून पट्टीपाशी ‘तू नाही’ ऐकणं त्या वयाला फार लागतं. वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंची बघून त्याला घरीच सांगा : ‘या तुझ्या, या दादाच्या.’ आणि त्याच्यासाठी काहीतरी खास ठेवा. राजासॉरस नावाची पाण्यातून जाणारी डायनोसॉरची राइड आहे तिथं, तिच्या उंचीत तो बसतो का बघा. राजासॉरस हा खराखुरा भारतीय डायनोसॉर आहे. त्याचे जीवाश्म गुजरातेत सापडले आणि २००३ मध्ये त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असं नाव मिळालं. नर्मदेकाठच्या राक्षसाची गोष्ट आठ दिवस आधीपासून सांगत राहिलात तर तो त्याच्या राइडची वाट बघेल, दादाच्या नाही. उंचीत बसला नाही तरी गोष्ट त्याची राहील, आणि छोट्यांच्या राइड्स असतातच.

एक्स्प्रेस तिकीट सगळ्या नऊ जणांना काढायचं, हे मला पटत नाही. मधल्या वारी गेलात तर त्याची गरज कमी. नाइलाजानं शनिवार-रविवारच मिळाला तर घ्या, पण ज्यांना मोठ्या राइड्स करायच्यात त्यांच्यापुरतं. तुमची मुलगी, पुतण्या, आणि सोबतीला एक-दोन मोठी माणसं. ‘सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं’ हा तुमच्या सहलीतला सर्वात महागडा हट्ट ठरेल. सकाळी दोन गट करा, जेवायला एकत्र या, संध्याकाळी पुन्हा एकत्र फिरा. तिकीट काढताना तारीख बदलायची सोय किती दिवस आधीपर्यंत आहे ते वाचा. जाण्याच्या आदल्या दिवशी दुरुस्तीसाठी कोणती राइड बंद आहे, हेही फोन करून विचारा.

वॉटर पार्कबद्दल मात्र थोडं थांबा. तुमची मुलगी १२ वर्षांची आहे, पुतणी ९ वर्षांची. घरातल्या तीन-चार बायका-मुलींच्या पाळीच्या तारखा दोन महिने आधी कोण सांगणार? मुलीची नुकतीच सुरू झाली असेल किंवा व्हायची असेल तर तारखांचा अजिबात भरवसा नसतो. वॉटर पार्कचं तिकीट आधी काढून ठेवलं आणि नेमकी त्याच दिवशी अडचण आली, तर ती बिचारी काका-बाबांसमोर कारण सांगू शकत नाही. मग एकतर पोटात दुखत असताना ओढूनताणून जाते, नाहीतर रुसलीय म्हणून बोलणी खाते. तिला आधी एकटीला विचारा की तिला पाण्यात जायचंय का. त्या वयात अंगासरशी बसणारे नायलॉनचे कपडे घालून सगळ्यांसमोर वावरणं नकोसं होऊ शकतं, आणि वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत. तिचं ‘नको’ आलं तर ते तुमच्यापाशी ठेवा आणि बाकीच्यांना सांगा की दुसऱ्या दिवसाचं तिथं गेल्यावर ठरवू. हे तिकीट आदल्या रात्री हॉटेलात बसून काढा, चार रुपये जास्त गेले तरी चालतील. सगळ्यांचं जायचं नक्की झालं तर पोहायचे कपडे सांगलीतूनच घेऊन जा. गेटपाशी मापं नीट मिळत नाहीत आणि भावही चढे.

आता सासूबाई. ‘माझं तिकीट काढू नका’ हे त्यांचं वाक्य तुम्ही नकार म्हणून धरलंय. आपल्याकडच्या त्या वयाच्या बायका पैशाला नकार देतात, सोबतीला नाही. ‘मी येऊन काय करणार, नुसतं बसायचं तर तिकिटाचे पैसे कशाला’, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. किंवा त्यांना खरंच दगदग नको असेल. दोन्ही शक्य आहेत, आणि ‘येताय का’ विचारून यातलं कुठलं ते कळणार नाही. वेगळं विचारा : ‘आई, तिकडं आलात तर तुम्हाला काय बघायला आवडेल?’ कारण त्याच खोपोली-पाली रस्त्यानं पुढं गेलं की पालीचा बल्लाळेश्वर आहे, सरसगडाच्या पायथ्याशी. अष्टविनायकांतलाच महडचा वरदविनायकही खोपोलीच्या जवळ. सांगलीच्या गणपतीच्या गावातल्या बाईला हे सांगा आणि त्यांचा चेहरा बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर यजमानांनी आईला घेऊन पालीला जावं. आधी मागचा धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर, तशी तिथली रीत आहे. याला काही बुक करावं लागत नाही. संकष्टी किंवा अंगारकी असेल तेवढी टाळा, गुडघ्यांना ती रांग झेपणार नाही.

पण एक सांभाळा. ‘आईंना देवाला पाठवलं, आपण पार्कात’ अशी वाटणी होऊ देऊ नका. पहिल्या दिवशी त्यांना आत न्याच. चाकाची खुर्ची मिळते का, भाडं किती, आधी सांगावं लागतं का, हे फोनवर विचारून ठेवा आणि खुर्ची गरजेच्या आधीच घ्या. गुडघे सुजल्यावर खुर्ची मागण्यात अर्थ नाही. ‘आय फॉर इंडिया’ नावाचा बसून बघायचा खेळ आहे, त्यात मोठ्या पडद्यावर देश आकाशातून दिसतो. मानेचा, पाठीचा त्रास नसेल तर त्यांना तो आवडेल, मात्र आत जाण्यापूर्वी तिथल्या माणसाला तब्येत सांगून विचारा. संध्याकाळी परेड निघते, ती त्या दिवशी आहे का नि कुठून चांगली दिसते ते विचारून त्यांना आधीच जागा धरून द्या. दुपारी त्यांना हॉटेलवर नेऊन आणायचं असेल तर बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतात का, हे तिकीट काढायच्या आधी विचारायला हवं. इतकं केल्यावरही त्या ‘नकोच बाई’ म्हणाल्या, तर तो त्यांचा खरा निर्णय. मग त्या चार दिवसांसाठी नणंदबाई किंवा शेजारी सोबतीला कोण, हे मुक्कामाइतक्याच तातडीनं ठरवा.

गाडीचं काय? तुम्ही पाच, पुण्याचे चार. दोन घरच्या गाड्या असतील तर टेम्पो ट्रॅव्हलर कशाला? सगळी एकत्र गात-खेळत जातात ही त्यातली मजा, आणि दोन्ही भाऊ मोकळे राहतात ही खरी सोय. घ्यायचाच असेल तर पुण्याहून घ्या आणि दिवाळीच्या महिनाभर आधी सांगून ठेवा, कारण सणात ड्रायव्हरही गावी जातात. किलोमीटरचा दर, रोजचे कमीत कमी किलोमीटर, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, टोल आणि पार्किंग कोणाकडं, हे आगाऊ रक्कम देण्याआधी बोलून घ्या. ड्रायव्हरच्या झोपायची सोय कुठं, हेही विचारा. तो गाडीतच अंग मुडपून झोपणार असेल तर सकाळी तोच तुमची गाडी चालवणार आहे. घरची गाडी नेलीत आणि फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर एक लक्षात ठेवा. तो पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर नाही. फास्टॅगच्या खात्यात शिल्लक ठेवाच.

तुमच्यासारखाच बेत करणाऱ्या, पण लांब जाणाऱ्या वाचकांसाठी इथं थोडं लिहिते. मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला जाऊन तिथलं वंडरला पार्क करणारी पुष्कळ कुटुंबं आपल्या भागात आहेत. त्यांच्यासाठी सगळ्यात आधी रेल्वे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या फक्त ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. आयआरसीटीसीवर सकाळी आठला सुरू होतं. खातं आधारशी आधीच जोडून ठेवा, त्या सकाळी ओटीपीशी झटापट नको. ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे : ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया, एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा. सहा जणांच्या एकाच तिकिटात त्यांना घातलंत तर हा कोटा मिळत नाही आणि मग रात्री साडेदहाला अनोळखी माणसाला बर्थ बदलायची विनंती करत फिरावं लागतं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लागतं.

आणि जे सिंगापूर किंवा हाँगकाँगच्या पार्कला निघालेत, त्यांनी विमानाच्या तिकिटाआधी मुलांचे पासपोर्ट उघडून बघावेत. आपला दहा वर्षांचा असतो म्हणून मुलाचाही असेल असं वाटतं, पण लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि प्रवासाच्या वेळी तो किमान सहा महिने शिल्लक लागतो. सिंगापूरला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आगमन कार्ड सरकारी वेबसाइटवर मोफत आहे. त्याचे पैसे मागणारं पान दिसलं तर ते बंद करा.

ताई, आता तुमच्या यजमानांचं बरोबर कुठं आहे तेही सांगायला हवं, कारण ते बरंच बरोबर आहेत. आतलं जेवण आधी बुक करू नका. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत हे खरं, पण कोणाला कधी भूक लागेल हे कूपन ठरवू शकत नाही. गाडीत मात्र दशम्या, शेंगांची चटणी, भडंग भरपूर असू दे. आत जाण्यापूर्वी पोटभर खाऊन घ्या, बाहेर आल्यावर पुन्हा. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, चिठ्ठीसकट, तुमच्या पर्समध्ये ठेवा, हॉटेलच्या बॅगेत नको. स्नो पार्क तिथं गेल्यावर, अंगात त्राण उरलं तर. कुठली राइड आधी, कुठली नंतर, हे मुलांना ठरवू द्या. पुतण्या आठवीत आहे, त्याला पार्कचा नकाशा द्या आणि मोठ्यांच्या गटाची आखणी त्याच्यावर सोपवा. जाऊबाईंच्या तक्त्यातला तो भाग तो आनंदानं सांभाळेल, आणि जाऊबाईंनाही एक दिवस मोकळा मिळेल.

तर रविवारच्या फोनवर क्रम असा ठेवा. आधी मुलांच्या सुट्ट्या जुळवून दोन तारखा काढा, एक हवी ती आणि एक राखीव. मग सासूबाईंना पालीचं विचारा. मग जाऊबाईंना पुण्यातल्या दोन रात्रींचं. हे झालं की त्याच दिवशी हॉटेलला फोन करून लिफ्टजवळच्या खोल्या धरा, थीम पार्कची तिकिटं तारीख बदलायची सोय वाचून आठवड्याभरात काढा, आणि वॉटर पार्कचा विषय निघाला तर ‘ते तिथं गेल्यावर’ एवढंच सांगून मुलीकडं न बघता पुढं चला. परत न मिळणारे पैसे किती झाले तो आकडा ग्रुपवर लिहा आणि नऊ जणांनी तो वाचल्याशिवाय पैसे भरू नका.